पेटी पुन्हा मागवतात का? गिऱ्हाइकाची निष्ठा आणि शिफारस मोजण्याची वही

आंब्याच्या धंद्यात एक वाक्य दर मे महिन्यात ऐकू येतं : ‘आमची गिऱ्हाइकं ठरलेली आहेत हो, वर्षानुवर्षांची.’ किती, असं विचारलं की माणूस छताकडे बघतो. मीही बघायचो. रत्नागिरीजवळच्या काकांच्या बागेतला हापूस पुण्यात घरपोच द्यायला लागून बरीच वर्षं झाली होती आणि मी हाच डायलॉग मारत होतो. एका सीझनला सहज दोन वर्षांच्या याद्या शेजारी शेजारी ठेवल्या, तेव्हा ‘वर्षानुवर्षांच्या’ नावांतली बरीचशी नावं दुसऱ्या यादीत नव्हतीच. वाईट आंबा दिला म्हणून गेली, की आम्ही फोनच केला नाही म्हणून, हे सांगायला कागदावर काहीही नव्हतं.

त्यानंतर घातलेली वही कशी आहे आणि तिच्यातून उद्दिष्टं कशी काढायची, ते इथे पायरीपायरीने मांडतो. उदाहरण आंब्याचं आहे, पण दिवाळीचा फराळ, हुरडा पार्टी, घरगुती मसाले, गणपतीच्या मूर्ती अशा वर्षातून एकदाच गिऱ्हाईक येणाऱ्या कुठल्याही कामाला हे लागू पडेल. पुढचे आकडे हिशोब समजावा म्हणून धरलेले आहेत. तुमचे वेगळे येतील.

आधी दोन गोष्टी वेगळ्या करा

निष्ठा म्हणजे तेच घर पुन्हा मागवतं. शिफारस म्हणजे ते घर दुसऱ्या घराला तुमचं नाव सांगतं. लोक या दोन्ही गोष्टी एकाच पोत्यात भरतात आणि मग उद्दिष्ट लिहितात, ‘गिऱ्हाइकांशी नातं घट्ट करणे’. हे मोजणार कसं?

प्रत्यक्षात या दोन गोष्टी उलट दिशेलाही जातात. आमच्याकडे एक काकू आहेत, दरवर्षी न चुकता पेटी घेतात आणि आमचं नाव कुणालाही सांगत नाहीत. कारण त्यांनीच हसत सांगितलं : ‘सांगितलं की तुमचा माल संपतो आणि मला मेच्या शेवटचा आंबा मिळतो.’ याउलट एक गृहस्थ मधुमेहामुळे स्वतः आंबा सोडून बसलेत, पण अर्ध्या सोसायटीला आमचा नंबर त्यांनीच दिला. पहिल्या बाई शंभर टक्के निष्ठावान, शिफारस शून्य. दुसऱ्यांचं बरोबर उलट. म्हणून वहीत दोन वेगळे रकाने आणि उद्दिष्टंही दोन.

वहीत काय लिहायचं

एकक ‘घर’ धरा, फोन नंबर नव्हे. गेल्या वर्षी नवऱ्याच्या फोनवरून ऑर्डर आली, यंदा बायकोच्या. नंबर धरलात तर एक घर गेलं आणि एक नवं आलं असं दिसेल, आणि दोन्ही खोटं. परदेशातला मुलगा पैसे भरतो आणि पेटी कोथरूडला आईवडिलांकडे जाते, असंही पुष्कळदा होतं. तिथे निष्ठा पैसे भरणाऱ्याच्या नावावर लिहा, कारण पुढच्या वर्षी निर्णय तोच घेणार. शिफारस मात्र दोघांकडूनही येऊ शकते, तेव्हा दोन्ही नावं नोंदवा.

रकाने असे : घर, पहिली ऑर्डर कुठल्या वर्षी, यंदा मागणी कधी नोंदवली, किती डझन, माल दिला की नाही, आमचं नाव कुणाकडून कळलं, तक्रार, तक्रार कधी मिटली. एवढं पुरतं. एक्सेल असेल तर उत्तम, नसेल तर फुलस्केप वही चालते. मी पहिली दोन वर्षं वहीच वापरली.

‘मागणी नोंदवली’ आणि ‘माल दिला’ हे रकाने वेगळे का? हापूस दरवर्षी सारखा येत नाही. एक वर्ष भरून येतो, पुढच्या वर्षी झाड हात आखडतं. त्यात मोहोरावर अवकाळी पाऊस पडला की निम्मी पेटीसुद्धा निघत नाही. अशा वर्षी वीस घरांना ‘माल नाही’ म्हणून परत पाठवलं आणि ती घरं ‘गेली’ म्हणून लिहिली, तर आभाळाचा दोष तुम्ही गिऱ्हाइकाच्या नावावर टाकलात. निष्ठा मोजायची ती मागणीवरून. त्यांनी फोन केला म्हणजे ते आले.

तसंच निष्ठा डझनांत मोजू नका. मुलं अमेरिकेला गेली की पाच डझनांचं घर दोन डझनांवर येतं. ते घर तुम्हाला सोडून गेलेलं नाही, ते फक्त लहान झालंय. डझन धंद्याच्या हिशोबात धरा, निष्ठेच्या नको.

सुरुवातीचा आकडा काढा, मग तो फोडा

समजा २०२४च्या सीझनला १६० घरांनी माल घेतला आणि त्यातल्या ९६ घरांनी २०२५ला पुन्हा मागणी नोंदवली. म्हणजे ६० टक्के. बहुतेक जण इथेच थांबतात आणि लिहितात, ‘पुढच्या वर्षी ७० टक्के करू’.

थांबू नका. त्या १६० घरांत ९० जुनी होती आणि ७० पहिल्यांदाच आलेली. जुन्यांपैकी ७२ परत आली, म्हणजे ८० टक्के. नव्यांपैकी २४, म्हणजे ३४ टक्के. चित्र पालटलं. जुनं गिऱ्हाईक ठीक आहे. गळती पहिल्या आणि दुसऱ्या वर्षाच्या मधे आहे.

आता नव्यांनाही फोडा. ७० पैकी ४० घरं कुणाच्या तरी ओळखीतून आली होती, त्यातली २० परतली. ३० घरं एका सोसायटीच्या गेटवर लावलेल्या स्टॉलवरून आली, त्यातली ४ परतली. स्टॉलवरच्या माणसाने आंबा घेतला, तुम्हाला घेतलं नाही. सीझनला दोन शनिवार-रविवार उन्हात उभं राहून, जागेचं भाडं देऊन मिळालेली ती चार घरं बघितली, की पुढच्या वर्षी स्टॉल लावायचा की नाही हे वहीच सांगते.

उद्दिष्ट लिहिताना

उद्दिष्ट नेमकं, मोजता येणारं, मुदतीचं असावं हे ‘स्मार्ट’चं सूत्र जॉर्ज डोरन यांनी १९८१ साली मांडलं आणि तेव्हापासून ते प्रत्येक कार्यशाळेच्या फळ्यावर दिसतं. त्यात चूक काही नाही. पण फळ्यावर लिहून झाल्यावर ‘हा आकडा आला कुठून’ हे कुणी विचारत नाही, आणि खरा घोळ तिथेच होतो.

वरच्याच उदाहरणात पुढे जाऊ. २०२५ला ६० नवी घरं आली. त्यांच्यापैकी दुसऱ्या वर्षी परतणारी ३४वरून ४५ टक्क्यांवर नेऊ, असं मी ठरवलं. ऐकायला धाडसी वाटतं. पण या ६०मधली ४५ घरं ओळखीतून आलेली आहेत आणि फक्त १५ स्टॉलवरून किंवा अशीच कुठून तरी. ओळखीतली निम्मी परततात, म्हणजे २२-२३. बाकीच्यांतली दोन धरा. झाली २४-२५. म्हणजे मी काहीही केलं नाही, नुसता झोपून राहिलो, तरी आकडा ४१ टक्क्यांच्या आसपास येणार. ११ टक्क्यांच्या वाढीतले सात टक्के फुकट आहेत! ही शाबासकी माझी नव्हे, कमी लावलेल्या स्टॉलची.

म्हणून उद्दिष्ट ५० टक्के, आणि ते टक्क्यांत न लिहिता घरांत : ‘२०२५ला पहिल्यांदा आलेल्या ६० घरांपैकी ३० घरांनी २०२६च्या अक्षय्य तृतीयेपर्यंत मागणी नोंदवलेली असावी.’ जुन्या ९६ घरांसाठी वेगळं वाक्य : ‘८० टक्के टिकवायचे, म्हणजे ७७ घरं.’ दोन्हींची बेरीज १०७. एकूण १५६ घरांशी ताडून बघितलं तर ६९ टक्के होतात. तो आकडा शेवटी निघतो, त्याच्यापासून सुरुवात करायची नसते.

घरांत लिहिण्याचा दुसरा फायदा असा की आकड्याचा आवाका डोळ्यांसमोर राहतो. साठात एक घर म्हणजे जवळपास पावणेदोन टक्के. तीन-चार घरं इकडेतिकडे झाली तर तो निव्वळ योगायोगही असू शकतो. ५० ऐवजी ४७ आले म्हणून तोंड पाडून बसू नये आणि ५३ आले म्हणून पेढेही वाटू नयेत.

तारखेचं एक गमतीदार लचांड सांगतो. आपल्याकडे बऱ्याच घरांत अक्षय्य तृतीयेला देवाला दाखवल्याशिवाय आंबा खात नाहीत, त्यामुळे ऑर्डरींचा जोर त्या दिवसाभोवती असतो. अक्षय्य तृतीया २०२४ला १० मे रोजी होती, २०२५ला ३० एप्रिलला. मग ‘गेल्या वर्षी ३० एप्रिलपर्यंत इतक्या ऑर्डरी, यंदा इतक्या’ ही तुलना काय कामाची? मी वहीत ‘तृतीयेच्या आधी किती दिवस’ असं लिहितो. दिवाळीच्या फराळवाल्यांनी ‘वसुबारसेच्या आधी किती दिवस’ असं लिहावं.

शिफारशीचं उद्दिष्ट

इथे एकच शिस्त पाळायची : प्रत्येक नव्या ऑर्डरला विचारायचं, ‘आमचं नाव कुणाकडून कळलं?’ पर्याय द्यायचे नाहीत. ‘फेसबुक, मित्र, जाहिरात’ अशी यादी वाचून दाखवली की माणूस पहिलं जे कानावर पडेल ते सांगतो. मोकळा प्रश्न विचारा आणि नाव मिळेपर्यंत थांबा. ‘ऑफिसमधल्या कुणीतरी’ यावर समाधान मानू नका, ‘कोण हो?’ एवढं गोड आवाजात विचारलं की नाव येतं.

समजा ६० नव्या घरांपैकी ३३ घरं जुन्या गिऱ्हाइकांच्या सांगण्यावरून आली. (उरलेली १२ ओळखीची घरं आमच्याच नातेवाइकांच्या गोतावळ्यातली. ती शिफारशीत धरू नका. मावसबहिणीने आपला आंबा घेतला ही शिफारस नव्हे, नातं निभावणं आहे.) ३३ हा आकडा छान दिसतो. पण ती सांगितली किती घरांनी? चौदा. आणि त्या ३३मधली १५ एकट्या एका ताईंनी आणली.

अशी एक ताई किंवा वहिनी प्रत्येक घरपोच धंद्यात असते. सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज टाकणं, कुणाच्या किती पेट्या ते लिहून घेणं, टेम्पो आला की पार्किंगमध्ये उभं राहून वाटप करणं, आणि वर ‘माझ्या पेटीतले दोन डागी निघाले’ ही बोलणी खाणं, सगळं तीच करते. धंद्याच्या पुस्तकांत तिला काहीही म्हणोत, ती बिनपगारी काम करत असते. ती घर बदलून बाणेरहून हडपसरला गेली, तर पंधरा घरं जातात. म्हणून शिफारशीचं उद्दिष्ट ‘३३ची ५० करू’ असं ठेवण्यापेक्षा मी असं ठेवतो : शिफारस करणारी घरं १४वरून २२ व्हावीत, आणि कुठल्याही एका घराकडून आलेला वाटा एकूण शिफारशींच्या एकतृतीयांशाच्या वर नसावा. पहिल्या आकड्याने पाया रुंद होतो, दुसऱ्याने धोका कमी होतो.

बक्षिसाचा मोह आवरा. एक वर्ष ‘एक नवं घर आणा, एक डझन मोफत’ असं आम्ही केलं होतं. नवी घरं धडाधड आली आणि पुढच्या वर्षी त्यातली बहुतेक दिसलीच नाहीत, कारण ती डझनासाठी आणली होती. त्याऐवजी पहिल्या तोडीच्या पेट्यांत शिफारस करणाऱ्या घराचा नंबर आधी लागतो, एवढंच आता ठेवलंय. वर उल्लेखलेल्या त्या काकूंची भीतीही त्यामुळे गेली. त्यांनी गेल्या सीझनला चक्क एक घर सुचवलं. गूगलवर रिव्ह्यू मागत असाल तर ध्यानात ठेवा, सूट किंवा मोफत वस्तू देऊन रिव्ह्यू घेणं तिथल्या नियमांत बसत नाही.

‘दहापैकी किती?’ हा प्रश्न विचारायचा का

‘आमचं नाव तुम्ही मित्राला सुचवाल का, शून्य ते दहामध्ये किती?’ हा प्रश्न फ्रेड रायकहेल्ड यांनी २००३मध्ये प्रसिद्ध केला. नऊ-दहा देणारे ते प्रचारक, सात-आठवाले तटस्थ, सहा आणि खालचे नाराज. प्रचारकांच्या टक्क्यांतून नाराजांचे टक्के वजा केले की नेट प्रमोटर स्कोअर मिळतो, ज्याला सगळे एनपीएस म्हणतात.

मोठ्या कंपन्यांना तो उपयोगी पडत असेल. आपल्या आकाराला तो फसवा आहे. ४० जणांनी उत्तर दिलं, २२ प्रचारक, १० तटस्थ, ८ नाराज असं धरा. ५५ वजा २०, स्कोअर ३५. आता फक्त दोघांनी नऊऐवजी आठ दिले तर तो थेट ३०वर येतो. एवढ्या कमी उत्तरांत स्कोअर वीसेक अंक वरखाली होणं हे नुसत्या योगायोगानेही घडतं. शिवाय आमच्या सदाशिव पेठेतल्या एका गिऱ्हाइकाने सात गुण दिले, मी हिरमुसलो, तर म्हणाले, ‘दहा द्यायला अजून मे महिना जायचाय.’ तेच गृहस्थ दरवर्षी दोन नवी घरं आणतात!

प्रश्न विचारा, पण आकड्याचं उद्दिष्ट ठेवू नका. त्याच्या मागोमाग ‘का?’ विचारा आणि जे उत्तर येईल ते त्यांच्याच शब्दांत वहीत उतरवा.

आपल्या हातातली उद्दिष्टं

परत येणं, नाव सांगणं हे गिऱ्हाइकाच्या हातात, आणि त्याचा निकाल वर्षाने लागतो. मधल्या काळात आपण काय करतो, त्याचीही उद्दिष्टं हवीत. माझी तीन आहेत.

पहिलं, प्रत्येक नव्या घराला एक फोन, आणि तो योग्य दिवशी. पूर्वी आम्ही पेटी पोचली त्याच संध्याकाळी विचारायचो, ‘कसा वाटला आंबा?’ आंबा तेव्हा हिरवा दगड असतो! लोक शिष्टाचार म्हणून ‘छान’ म्हणायचे. कच्चा माल गवतात ठेवून पिकायला आठ-दहा दिवस जातात. आता फोन दहाव्या दिवशी होतो, म्हणजे एकदोन फळं कापून झालेली असतात. उद्दिष्ट : ६०पैकी ५५ घरांना दहाव्या ते बाराव्या दिवसात फोन झालेला असणे.

दुसरं, साक्याची भरपाई. साका म्हणजे बाहेरून देखणं फळ आणि कापल्यावर आत पांढरट, स्पंजासारखा, आंबूस गर. वरून बघून तो कळत नाही. चौदा आणे तयार झालेलं फळ उतरवलं, उतरवल्यावर उन्हात ठेवलं नाही, तर प्रमाण कमी होतं, शून्य होत नाही. त्यामुळे खरी परीक्षा साका निघाल्यावरची आहे. कापलेल्या फळाचा फोटो आला की वाद न घालता बदली फळ दोन दिवसांत पोचवायचं, हे उद्दिष्ट. आणि तक्रार केलेल्या घरांपैकी किती पुढच्या वर्षी परतली, हे वेगळं मोजायचं. आमच्या वहीत ही घरं तक्रार न केलेल्या नव्या घरांपेक्षा जास्त टिकलेली दिसतात, याचं मला आधी नवल वाटलं होतं.

‘तक्रारी निम्म्यावर आणायच्या’ असं उद्दिष्ट मात्र चुकूनही ठेवू नका. आम्ही ठेवलं होतं. फोन घेणारा पोरगा हुशार, त्याने तक्रारी लिहिणंच कमी केलं. जूनमध्ये वहीत तक्रारी घटलेल्या, आणि घरंही घटलेली. मोजमापच उद्दिष्ट होऊन बसलं की ते मोजमाप म्हणून निकामी होतं. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांच्या नावाने हा नियम ओळखला जातो आणि आम्ही तो एका पोराकडून शिकलो. आता तक्रारींची संख्या नुसती नोंदवतो, तिला लक्ष्य लावत नाही.

तिसरं, मोहोराची बातमी. जानेवारीत बागेतला एक फोटो आणि यंदा माल कितपत दिसतोय याचा खराखुरा अंदाज, जुन्या सगळ्या घरांना. वाईट असेल तर वाईट. भाव वाढणार असेल तर तेव्हाच सांगायचं. पाडव्यापर्यंत किती घरांनी ‘आमची एक धरा’ असं उत्तर दिलं, हा सीझनचा पहिला कौल. तो गेल्या वर्षीच्या मानाने फारच कमी असेल, तर अजून महिनाभर हातात असतो. हे मेसेज पाठवण्याआधी त्या घराला चालेल का हे विचारून ठेवा. २०२३चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा संमतीवरच उभा आहे, आणि तो नसता तरी दुसऱ्याच्या सोसायटीच्या ग्रुपमधून नंबर उचलून मेसेज टाकणं हे शिफारस गमावण्याचं सर्वांत खात्रीचं साधन आहे.

जूनमधला हिशोब

मृगाचा पाऊस लागला, उरलेला माल कॅनिंगला गेला की दोन दिवस वही घेऊन बसायचं. आधी आकडे : ३० पैकी किती, ७७ पैकी किती, २२ पैकी किती. मग न आलेली घरं. सगळ्यांना फोन करणं शक्य नसतं, मी वीस निवडतो, त्यात दहा जुनी आणि दहा नवी. विकायचं काहीच नसतं, त्यामुळे लोक मोकळेपणाने बोलतात. विचारायचं एकच : ‘यंदा आंबा कुठून घेतलात?’ ‘का नाही घेतलात’ असं विचारू नका, माणूस उगाच अवघडतो.

उत्तरांचे तीन ढीग करतो. आपल्यामुळे गेले (फळ, भाव, उशीर, फोन न उचलणं). दुसऱ्यामुळे गेले (भाच्याने स्वतःच्या बागेचा आंबा सुरू केला, ऑफिसात स्वस्त मिळाला). आणि तिसरा ढीग, ज्यात कुणाचंच काही चालत नाही. पुढच्या वर्षीचं उद्दिष्ट फक्त पहिल्या ढिगावर बेतायचं. दुसरा बघून भावाचा विचार करायचा. तिसऱ्यातली घरं टक्केवारीतूनच वगळायची.

गेल्या जूनमध्ये तिसऱ्या ढिगात एक नोंद होती : ‘बाबा गेले फेब्रुवारीत. यंदा घरात आंबा आणला नाही.’ त्या घरासमोर आता पेन्सिलीने लिहिलंय : मोहोराचा मेसेज नको. एप्रिलमध्ये फोन, आणि आंब्याचा विषय त्यांनी काढला तरच.